पुष्पाच्या वर्गाची पुठ्ठ्याची पदकं

घोलवडला चिकूच्या पॅकिंगला बाई लागते ती दणकट लागते. सकाळपासून ढिगापुढे मांडी घालून बसायचं, मोठं फळ एकीकडे, मध्यम दुसरीकडे, डागी तिसरीकडे. हात थांबला की ट्रकवाला हॉर्न वाजवून जीव खातो. म्हणून पुष्पा पहिल्यांदा कामाला आली तेव्हा मी मनात म्हटलं, ही काडी इथे काय टिकणार? मी चंद्रिका, शेडची मुकादम. तोंडावर सगळ्या मला चंद्रिकाबेन म्हणतात, पाठीमागे काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे. तर त्या संध्याकाळी आम्ही सगळ्या आई गं, बाई गं करत भिंतीला धरून उठलो आणि ही बया उठली ती अशी, जणू आत्ताच येऊन बसली होती. मी दरडावून विचारलं, गोळ्या-बिळ्या घेतेस की काय गं? तर हसली आणि म्हणाली, योग करते.

पुष्पा तलासरीकडच्या झरीची. घरची थोडी भातशेती, थोडी नाचणी, बाकी मजुरी. आश्रमशाळेत शिकली. तिथे एक सर पहाटे मैदानात पोरींना आसनं शिकवायचे. थंडीत बाकीच्या पोरी पांघरूण सोडायच्या नाहीत आणि ही पहिल्या रांगेत. तेव्हापासून तिच्या डोक्यात एकच भूत बसलं होतं, आपण बाई व्हायचं. शिकवणारी बाई, जिला सगळा वर्ग एका सुरात 'हो, बाई' म्हणतो. पण बारावी झाली आणि लग्न झालं, पुढचं शिक्षण राहूनच गेलं. नवरा मनिष जीप चालवतो, सोन्यासारखा माणूस. तरी हिनं हट्टानं योगशिक्षिकेचा कोर्स केला, प्रमाणपत्र फ्रेम करून भिंतीला लावलं, आणि शिकवायला समोर माणूस एक नाही. हे मला कळलं तेव्हा माझं डोकंच फिरलं. अशी विद्या भिंतीला टांगून ठेवायची आणि आम्ही इकडे कमरेला तेल चोळत बसायचं? मी शेठना सांगितलं, काम सुटल्यावर शेड आम्हाला पाहिजे. शेठ गुजरातीत काहीतरी पुटपुटले, पण नाही म्हणाले नाहीत. मला नाही म्हणणं तेवढं सोपं नाही.

असा वर्ग सुरू झाला. ताडपत्री अंथरायची, पदर खोचायचा आणि पुष्पा पुढे. पहिले काही दिवस नुसता खिदळण्याचा कार्यक्रम. जानी म्हणून एक आहे, तिला समोरची वाकली तरी हसू येतं. पवनमुक्तासनाला काय झालं ते मी सांगत नाही, पण त्यानंतर जानी किती तरी वेळ ताडपत्रीवर लोळत होती. भुजंगासनाचं नाव घ्यायला कुणी तयार नाही, कारण दिवस मावळताना त्या जनावराचं नाव काढायचं नसतं. मग आम्ही त्याला लांबड्याचं आसन म्हणायला लागलो. ताडासन मात्र आम्हाला आईच्या पोटातून येत होतं. वरच्या फांदीचा चिकू टाचा उचलल्याशिवाय निघतो का? पुष्पा कशालाच रागवायची नाही. पाठ वाकडी दिसली की मागून दोन बोटं टेकवायची आणि म्हणायची, इथून श्वास घ्या. पाठीतून श्वास कसा घेतात देव जाणे, पण घेतला आम्ही. होळीपर्यंत माझी कंबर गप्प बसली, आणि कंबर गप्प बसली म्हणून मुकादमीणही जरा गप्प बसली, असं शेडमध्ये म्हणतात. म्हणोत बापड्या.

पण तिला बाई कुणी म्हणत नव्हतं. दिवसभर आमच्याच ढिगावर बसणारी, आमच्याहून लहान. आम्हाला ती पुष्पाच.

एक आसन तेवढं अडलं, शवासन. शेवटी पाठीवर पडायचं, डोळे मिटायचे, अंग सोडून द्यायचं. पण आमचा वर्ग संपायचा तो दिवेलागणीला, आणि तिन्हीसांजेला बाई आडवी पडत नाही. लक्ष्मी दाराशी येते, घरातली बाई लोळताना दिसली की आल्या पावली परत जाते, हे आम्ही लहानपणापासून ऐकलेलं. त्यात आसनाचं नावही शव. हिरूआजी आमच्यातली सगळ्यात जुनी, तिच्या शब्दापुढे मीही जात नाही. ती सरळ म्हणाली, मेल्यावर पडेन. पुष्पानं वाद घातला नाही. भिंतीशी चिकूचे खोके रचले आणि सांगितलं, पाठ टेकून बसा, डोळे मिटा, झालं. जानीनं त्याला टेकासन असं नाव ठेवलं, आणि आमचं छान चाललं होतं.

दुसऱ्या हंगामात कासा गावी एका मंडळानं बायकांसाठी योगाची स्पर्धा ठेवली. पुष्पा आमच्या वर्गाचं नाव देऊन आली आणि तेव्हापासून तिचे पाय जमिनीवर ठरेनात. तिथे माईकवरून पुकारणार होते, शिक्षिका पुष्पाबाई. आमची पाळी दुपारची होती. दुपारी आडवं पडायला कुणाचीच हरकत नव्हती, हिरूआजीचीही नाही, म्हणून खरं शवासन आम्ही जेवणाच्या सुट्टीत शिकून घेतलं. मग मनिषच्या जीपमध्ये एकमेकींच्या मांडीवर बसून कासाला गेलो. तिथे पाहुणे उशिरा आले. मग त्यांचे सत्कार, शाली, नारळ, आणि भाषणं तर अशी की ऐकणारे पेंगले तरी बोलणारे थकेनात. आमचं नाव पुकारलं तेव्हा सूर्य बुडत होता.

आसनं अशी झाली म्हणून सांगू! लांबड्याचं आसन तर एका ओळीत, एका श्वासात. लोक टाळ्या वाजवत होते. आणि मग पुष्पा म्हणाली, शवासन. नेमकी तेव्हाच देवळात घंटा वाजली आणि बाजारातले दिवे लागले. हिरूआजी उभी राहिली ती उभीच. तिला बघून तिच्या शेजारची उभी, मग मी उभी, मग सगळ्याच. स्टेजवर खांब रोवल्यासारख्या आम्ही उभ्या, आणि पुष्पा आमच्याकडे बघतेय.

परीक्षक बाई काही खडूस नव्हत्या. त्यांना जे दिसलं ते बोलल्या.

"शेवटचं आसन यांना शिकवलेलंच दिसत नाही. शिक्षिकेनं आधी स्वतः नीट शिकून घ्यावं."

माईक चालू होता, सगळ्या कासानं ऐकलं. पुष्पानं एक वाक्य सांगितलं असतं की या बायका तिन्हीसांजेला पडत नाहीत, तरी निभावलं असतं. पण ती मान खाली घालून उतरली. जीपमध्ये मी तिला फाडून खाल्लं, तोंडात मूग गिळले होतेस का? तर म्हणाली, सांगितलं असतं तर सगळे तुम्हाला हसले असते. म्हणजे आमची लाज झाकायला या पोरीनं आपली घालवली.

दुसऱ्या दिवसापासून वर्ग बंद. कामाला यायची, खाली मान घालून फळं निवडायची, काम सुटलं की घर. मी विचारलं तर एवढंच म्हणाली, मी शिक्षिका नाही बेन, मी चिकू निवडते. मनिष सांगत होता की तिनं भिंतीवरची फ्रेमसुद्धा काढून ठेवली. आणि हिरूआजी, जी कधी कुणापुढे नमली नाही, ती माझ्याशेजारी येऊन बसली आणि म्हणाली, पोरीचं नाक आपण कापलं, चंद्रिका, आता काय करायचं? जानी म्हणाली, कासावाल्यांनी बक्षीस नाही दिलं तर आपण देऊ, आपल्या घरचं. गंमतच करू, रडत बसून काय होतंय? मला पटलं.

मग काय, फाटलेल्या खोक्यांचा पुठ्ठा कापून पदकं केली, सुतळी ओवली, चमकीचा कागद चिकटवला. आठवड्याच्या शेवटी काम सुटलं तसं मी पुष्पाला खोटंच सांगितलं की उद्याचा माल आजच भरायचा आहे, थांब. ती थांबली. आम्ही ताडपत्री अंथरली, तिला खुर्चीवर बसवलं, आणि मी पालथ्या क्रेटवर चढून समारंभ सुरू केला. पाहुणे नाहीत, शाली नाहीत, भाषण फक्त माझं.

आसनाच्या गळ्यात पदक घालता येत नाही, म्हणून ते ज्या बाईला शोभतं तिच्या गळ्यात. वरच्या फांदीचा मान ताडासनाला, ते घ्यायला आमची बुटकी दक्षा टाचा उचलूनच आली. सगळ्यात खरं बोलणारं आसन म्हणून पवनमुक्तासनाला दुसरं; ते जानीला, आणि ती दोन्ही हातांनी तोंड झाकून पळत होती तिला पकडून घातलं. मुकादमाचं तोंड बंद करणारं आसन म्हणून लांबड्याच्या आसनाला तिसरं, ते मी स्वतःच्या हातानं स्वतःच्या गळ्यात घातलं, आणि तेव्हा जेवढ्या टाळ्या पडल्या तेवढ्या कासालाही पडल्या नसतील. उपगुरूचा पुरस्कार शेडमधल्या मांजराला. झोपून उठल्यावर पाठीची कमान कशी करायची ते आम्हाला रोज तेच दाखवतं. त्यानं पदक हुंगलं आणि निघून गेलं. एवढं झाल्यावर पुष्पाच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू दिसलं मला.

मग शेवटचं. सगळ्यात मोठ्या खोक्याचं, ताटाएवढं पदक, त्यावर लिहिलेलं, एक नंबर गुरू. मी ते घेऊन तिच्यापुढे गेले तर ती उठून उभी राहिली आणि हात मागे घेतले.

"नको, बेन. जिच्या वर्गाला शेवटचं आसन येत नाही ती कसली गुरू?"

सगळी गंमत तिथेच विरली. पदक हातात घेऊन मी उभीच. बाहेर उजेड उतरत चालला होता. कुणी घरी जायला निघत नव्हतं.

हिरूआजी उठली. शेडमध्ये महालक्ष्मीचा फोटो आहे, त्याच्यापुढची पणती तिनं लावली. आमच्या घरच्या दिव्यांची काय सोय केली होती ते मला मागून कळलं. तिनं सकाळीच नवऱ्याला, बाबल्याला, बजावून ठेवलं होतं की आज घरचा दिवा तू लावायचास, आणि बाकीच्यांनाही घरी तसंच सांगायला लावलं होतं. बाबल्यानं आयुष्यभर जे दिवे लावले त्यातला हा पहिला खरा, असं जानी म्हणते. मला मुद्दाम सांगितलं नव्हतं, माझ्या पोटात काही राहत नाही म्हणून. हिरूआजीनं फोटोला हात जोडले आणि मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली,

"आई, आज आम्ही पडतोय. तू परत फिरू नकोस. तूही दिवसभर दारोदार फिरलीस, ये, जरा पाठ टेक."

आणि पदर सारखा करून ती म्हातारी ताडपत्रीवर सरळ उताणी पडली. जानी पडली. दक्षा पडली. एकेक करत सगळ्या. मी पदक छातीशी धरून पडले, कारण दुसरं कुठे ठेवायचं ते सुचलं नाही. डोळे मिटले. तिन्हीसांजेला पाठ जमिनीला लागलेली मला आठवत नाही. आजारपणातसुद्धा मी त्या वेळी उठून बसते. पुष्पाचा आवाज येईना. गेली की काय ही?

तेवढ्यात माझ्या गालाशी दोन बोटं टेकली.

"चंद्रिकाबेन, जबडा सोडा. इथे कुणाला ओरडायचं नाहीये."

मी जबडा सोडला. पावलं पुढे गेली. हिरूआजी, हात अंगापासून थोडे लांब. दक्षा, पायाचे अंगठे बाहेर पडू दे. तोच जुना आवाज. जानी, हसायचं नाही.

"हो, बाई," जानी म्हणाली.

पावलं थांबली. मग हिरूआजी म्हणाली, हो बाई. मग मी म्हटलं. मग सगळ्याच म्हणाल्या, डोळे मिटून, उताण्या पडल्या पडल्या, एका सुरात. पुष्पानं नाक ओढलेलं मला स्पष्ट ऐकू आलं. थोड्या वेळानं ती म्हणाली, शवासनात बोलायचं नसतं. आम्ही गप्प पडून राहिलो.