चित्रांचं पुस्तक

ब्रेलबाईंच्या हाताखालून गेलेलं पुस्तक बोटांनी वाचता येतं. छापील पान समोर ठेवायचं आणि सहा बटणांच्या यंत्रावर एकेक अक्षर जाड कागदावर ठिपक्यांत उमटवायचं, हा त्यांचा उद्योग. त्यात पैसा बेताचाच, पण बाईंना त्याचं वेड आहे आणि वेडाला औषध नाही. त्यांच्या सोबतीला मोठी नणंद असते. बाईंचा नवरा गेला, नणंदेनं लग्नच केलं नाही, आणि आता दोघी एकमेकींवर कुरकुरत एकाच खोलीत सुखानं राहतात.

पुस्तक निवडायची बाईंची एक रीत आहे. त्या डोळ्यांना रुमाल बांधून बसतात आणि वन्सं मोठ्यानं वाचतात. "शेजारच्या चित्रात दिसतं त्याप्रमाणे" असं दोन-तीनदा आलं की पुस्तक नापास. लिहिणाऱ्यांना वाटतं सगळ्या जगाला डोळे आहेत, असं बाईंचं म्हणणं.

यंदाची निवड मात्र जिवाला घोर लावणारी होती. चिमणी ही बाईंची लाडकी अंध वाचक; तिला बाराखडीपासून सगळी पुस्तकं बाईंनीच करून दिलेली. आता ती बाईंपेक्षा उंच झाली, कॉलेजात गेली, तरी नाव चिमणीच राहिलं. तिला क्वांटम कॉम्प्युटिंग, म्हणजे अणूंच्या अजब नियमांवर चालणाऱ्या संगणकांचं शास्त्र, शिकायचं होतं. सुट्टी संपली की वर्ग सुरू होणार आणि तोवर एकच पुस्तक हातून होणार. ते चुकलं तर पोर पहिल्याच आठवड्यात मागे पडेल, आणि मागे पडली की तक्रारसुद्धा न करता विषय सोडून देईल. बाई तिला पुरत्या ओळखून होत्या.

चिमणीच्या सरांनी तीन पुस्तकं पाठवली. पहिल्यात पानोपानी गमतीची चित्रं. वन्सं वाचायचं सोडून हसत बसल्या.

"काय झालं?" रुमालाआडून बाई म्हणाल्या.

"तुला नाही कळायचं वहिनी, बघावं लागतं."

"मग नापास."

दुसरं पुस्तक ठोकळ्यासारखं जाड. त्यात दर पानावर "हे तर उघडच आहे" असं लिहिलेलं, आणि दोघींना काडीचंही उघड दिसेना. तिसरं बारीकसं, एका म्हाताऱ्या मास्तरांचं. चित्र औषधालाही नाही. एकच गोष्ट चार वेळा सांगत, बोट धरून नेणारं. वन्सं वाचतावाचता पेंगल्या, पण पुस्तक पास झालं. बाई त्याच दिवशी यंत्राला बसल्या.

पहिलं प्रकरण झालं तशी त्यांनी चिमणीला बोलावून घेतलं. तिची बोटं ओळींवरून सरसर फिरली.

"छान आहे, मावशी. कळतंय."

चिमणीचं खरं 'छान' बाईंना पाठ होतं. हे ते नव्हतं.

"खरं सांग."

"खरंच कळतंय. पण बाकीचे सगळे सुट्टीतच ते चित्रांचं पुस्तक वाचतायत. त्यात कोणी एक जाड्या आहे. त्याचं नाव निघालं की सगळे हसतात." तिनं बोट त्याच ओळीवरून परत फिरवलं. "मीपण हसते. थोडी उशिरा."

पोरीला काही कमी पडू नये म्हणून त्यांनी चित्रं टाळली होती, आणि नेमकी तीच तिला कमी पडत होती. ती गेल्यावर त्यांनी मास्तरांचं प्रकरण गुंडाळून कपाटात ठेवलं आणि चित्रांचं पुस्तक पहिल्यापासून घेतलं.

मजकूर झपाझप झाला. गाडं अडलं ते चित्रांपाशी. बाईंनी मोठ्यानं म्हणत लिहिलं: "एक पुरुष. टेबल. त्यावर नाणे." ते ऐकून वन्संनी कपाळाला हात लावला.

"हा काय पंचनामा आहे? सरक. मी सांगते, तू ठोक." चष्मा सावरून त्या सांगू लागल्या, "टेबलावर नाणं गरगर फिरतंय. छापा की काटा, अजून काहीच ठरलं नाही. एका जाड्याला धीर धरवत नाही. त्यानं नाण्यावर पंजा हाणलाय आणि आता आपण केवढा शोध लावला अशा तोऱ्यात बघतोय. थेट आपले घरमालक!"

"घरमालक पुस्तकात नाहीत, वन्सं."

"चित्रात आहेत. ठोक."

बाईंनी आयुष्यात पहिल्यांदा पुस्तकात नसलेलं वाक्य ठोकलं.

वर्ग सुरू व्हायच्या आदल्या दिवशी गठ्ठे बांधून चिमणीच्या हाती दिले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जिन्यावर चिमणीच्या काठीची टकटक आली. वन्संनी उगाचच ओटा पुसायला घेतला.

चिमणी दारातच उभी राहिली. "सरांनी विचारलं, नाणं फिरत असताना ते छापा असतं की काटा? मी म्हटलं, फिरतंय तोवर दोन्ही शक्यता धरून चालायचं, एक उत्तर पंजा मारल्यावरच. सर म्हणाले, बरोबर, आता त्या जाड्याकडे या."

"मग?" बाईंनी कसंबसं विचारलं.

"मला तुमचे घरमालक आठवले. मावशी, सरांनी पुढचं बोलायच्या आत मी हसले. सगळ्यांच्या आधी."

वन्सं ओटा पुसत राहिल्या. बाईंनी चिमणीचा हात धरून तिला आत घेतलं, आणि बराच वेळ तो सोडला नाही.