बानूबाईची मूठ

दिनांक १७ नोव्हेंबर २०२४, रविवार. या दिवशी परभणी जिल्ह्यातल्या झरीच्या पुढे रस्त्याला लागून असलेल्या वस्तीवरील आमच्या ख्रिस्ती मंडळीने, परदेशी सेवेत असलेल्या आपल्या लेकीला फोनवर एका सुरात सांगितले, की "सगळं बरं हाय." त्या लेकीच्या आईला मातीआड करून तेव्हा चार दिवस झाले होते. मी या मंडळीची सभासद आहे, शिक्षिका आहे, आणि ही तक्रार मी शुद्धीवर राहून नोंदवीत आहे.

आईचे नाव बानूबाई. नवरा लेक लहान असतानाच गेला. शेळ्या पाळून आणि दुसऱ्याच्या कापसात जाऊन तिने एकुलत्या बबिताला शिकवले. बबिताचे लग्न आमच्याच मंडळीतल्या अंगदशी झाले. सहा वर्षांपूर्वी अंगदला आफ्रिकेतल्या मलावी देशात सुवार्तेच्या कामाचे बोलावणे आले, आणि मंडळीने या जोडप्याला त्यांच्या तान्ह्या ईश्वरीसह पाठवले. मी 'पाठवले' म्हणते, कारण त्यांना पोसण्याची जबाबदारी आमच्या पन्नासेक घरांनी वेदीपुढे उभे राहून घेतली होती.

आमची रीत साधी होती. पीठ मळायला घेण्याआधी प्रत्येक घरात मूठभर ज्वारी बाजूला काढायची, रविवारी ती वेदीजवळच्या डब्यात ओतायची. हंगामाच्या सणाला त्या ज्वारीचा, भाजीपाल्याचा, कोंबड्यांचा लिलाव होई आणि ते पैसे मलावीला जात. बानूबाई दरवर्षी एक करडू आणी. मंडळीचे चिटणीस रंगनाथराव लिलाव पुकारीत आणि तिची थट्टा केल्याशिवाय राहत नसत.

"बानूमाय, ह्या करडाचे कान लय लांब हायत! आफ्रिकेतलं ऐकू येतंय का ह्याला?"

"तुझ्यापरीस बरं ऐकतंय, रंगनाथ. हाक मारली की येतंय तरी."

सगळी मंडळी हसे. ज्याची बोली लागे तो करडू परत वेदीपुढे बांधी, पुन्हा बोली होई. बानूबाईचे एक करडू असे तीनतीनदा विकले जाई आणि ती पदर तोंडाला लावून हसत बसे. त्या हसण्यात अभिमान असे. लेक देऊनही आपण आणखी काही देऊ शकतो, याचा तो अभिमान होता.

आता त्या नियमाविषयी लिहिले पाहिजे, कारण सगळे नुकसान त्यानेच केले. बबिता राहते त्या खेड्यात फोन लागत नाही. दर रविवारी ती दोघे बाजाराच्या गावी येत आणि तिथून रंगनाथरावांच्या फोनवर बोलत. त्या गर्दीत प्रत्येकाच्या वाट्याला एखादे वाक्य येई. पहिल्याच वर्षी आमच्याकडे शेळ्यांत साथ आली. बानूबाईच्या दोन सोडून साऱ्या शेळ्या मेल्या आणि तिने ते फोनवर रडत सांगितले. पुढच्या रविवारी अंगद म्हणाला, बबिता आठवडाभर नीट जेवली नाही, घरी चला म्हणते. बानूबाई ते ऐकून उठली आणि साऱ्या मंडळीसमोर म्हणाली, "माझ्या तोंडाला आग लागली व्हती. आता ह्याच्या पुढं तिला वंगाळ काई सांगायचं न्हाई. माझ्याबद्दल तर मुळीच न्हाई. बरं तेवढंच सांगायचं."

मंडळीने ते मानले. एवढे मानले, की फोन लागला रे लागला की लहानथोर सगळे एका दमात "सगळं बरं हाय" म्हणत. हळूहळू ती आमच्या उपासनेचीच एक ओळ झाली.

गेल्या वर्षी गणपतीच्या दिवसांत बानूबाईच्या पोटात पाणी झाले. परभणीच्या डॉक्टरांनी तपासून घरी न्या म्हटले. मी शेजारची. शाळा सुटली की तिच्याजवळ बसे, पेज भरवी. पहिले काही आठवडे तिने लेकीचे नाव काढले नाही. पेज चुलीवर ठेवण्याआधी मात्र विचारी, "माझी मूठ काढली का?" डबा मी तिच्यापुढे धरी. दाणे बोटांतून गळत, तरी मूठ स्वतःच काढायची हा हट्ट.

दसऱ्यानंतर एका संध्याकाळी तिने डबा हाताने बाजूला सारला.

"बाई, रंगनाथला सांगा. बबीला म्हणावं, ये."

"तुम्हीच तर नको म्हणाला होतात ना, मावशी?"

"म्हणलते. तवा मला मरायचं नव्हतं." जरा दम घेऊन ती म्हणाली, "आता मला बघू वाटायलंय. एकदा तोंडावरून हात फिरवते आन् मग जाऊ द्या तिला माघारी. कामाला आडवी न्हाई मी."

मी त्याच दिवशी रंगनाथरावांकडे गेले. त्यांनी मला चहा दिला, सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "बाई, दुखण्यात माणूस काईबी बोलतंय. शब्द तिनं शहाणपणात दिलाय, तो आपण पाळायचा. तिकडं प्रार्थनाघराचं काम व्हायलंय. बबिता आली तर अंगद येतंय, अंगद आलं तर समदं बसलं."

"मग तिचा नंबर द्या. मी बोलते."

"नंबर वाटत बसलं तर धा जण धा गोष्टी सांगत्याल."

महिन्यातून एकदा उपासना घ्यायला परभणीहून येणाऱ्या पाळकांना मी फोन केला. रंगनाथराव पाहतील, म्हणाले. रंगनाथरावांनी पाहिलेही. रोज सकाळी त्यांच्या घरून बानूबाईला दूध येई. तिचे कपडे त्यांच्या पत्नीने धुतले. माणूस वाईट असता तर मला एवढे लागले नसते.

त्यापुढच्या रविवारी बबिताने विचारले, "आई बोलंना?"

"शेळ्यामागं गेलीय," रंगनाथराव म्हणाले.

त्यानंतरच्या रविवारीही शेळ्याच. शेळ्या तेव्हा माझ्या अंगणात बांधलेल्या होत्या. दहा नोव्हेंबरला मी गर्दीतून पुढे घुसले आणि "बबिता, ऐक" एवढेच म्हणाले. रंगनाथरावांनी फोन छातीशी धरून बंद केला. "रेंज गेली," ते म्हणाले. सारी मंडळी खाली पाहत होती.

घरी गेले तेव्हा बानूबाई दाराकडे तोंड करून पडली होती.

"काय म्हणली बबी? निघाली का?"

मी सांगितले, की बोलणे झाले नाही. तिने मान हलवली. "रंगनाथ भला हाय. माझाच शब्द धरून बसलंय." मग म्हणाली, "मी म्हणले म्हणून इतकं कुणी ऐकतंय का, बाई?"

बुधवारी सकाळी ती गेली. रंगनाथराव खड्ड्याशी लहान मुलासारखे रडले.

रविवारी फोन आला. इतक्या वर्षांची सवय. कोणी विचार करण्याआधीच मंडळीच्या तोंडून ते वाक्य निघून गेले. पलीकडे बबिता हसली आणि म्हणाली, "आज तरी आई हाय का, का आजूनबी शेळ्यामागंच?"

रंगनाथरावांनी फोन माझ्याकडे दिला. "बाई, तुमी सांगा." जे बोलायला मला महिनाभर मनाई होती, ते आता माझ्या हाती आले होते. मी सांगितले.

ती किंचाळली नाही. तिने विचारले, "कवा?"

"बुधवारी."

"आजारी कवापसून?"

तेही मी सांगितले. पलीकडे बाजाराचा गलबला ऐकू येत होता. मग ती म्हणाली, "मला बलावलं नव्हतं का तिनं?"

उत्तर देण्याआधी मी साऱ्या मंडळीकडे पाहिले. "बोलावले होते," मी म्हणाले. फोन तिने ठेवला. त्यानंतर किती तरी रविवार गेले. त्या दोघांचा फोन आलेला नाही. ज्वारीचा डबा भरतो आहे. रंगनाथराव म्हणतात, दुःख ओसरले की बोलेल.

हे वाचणाऱ्या मंडळ्यांनो, तुमच्यापैकी ज्यांनी कोणाला परदेशी सेवेला पाठवले आहे, त्यांच्याकडे माझी मागणी अशी: त्यांच्या घरचे आजारपण त्यांना त्याच दिवशी कळवा. यायचे की नाही, ते त्यांना ठरवू द्या. आणि त्यांचा नंबर आजच्या आज त्यांच्या आईच्या हातात द्या.