डिकीतली जागा

मरोळच्या त्या कार-ऑडिओवाल्याला प्रत्येक खोक्यावर टकटक करून कान लावायची सवय होती. मला डिकीभर मोठा सबवूफर आणि तगडा अ‍ॅम्प्लिफायर हवा होता. त्याने आधी विचारलं, "गाव कुठलं तुझं?"

"कणकवली."

"मग मोठ्याचं विसर. येताना आई फणस देणार, ते काय मांडीवर घेशील? सीटखालचा घे, अ‍ॅम्प्लिफायर त्यातच असतो."

मी जरा खट्टू होऊनच तो बसवून घेतला.

मे महिन्यात गावाहून परतलो तेव्हा डिकी फणसांनी गच्च भरली होती आणि सीटखालून गाणं झकास घुमत होतं. एक फणस त्याला द्यायला गेलो. गाण्याकडे त्याचं लक्षच नव्हतं. फणसावर टकटक करून त्याने कान लावला आणि निकाल दिला, "अजून दोन दिवस लागतील याला."