ताईची पसंती

धाकटीला नीतिशास्त्र मुळीच शिकायचं नव्हतं. ती अर्थशास्त्राची. दुसऱ्या वर्षाला एक विषय बाहेरचा घ्यावाच लागे, आणि तिने संख्याशास्त्र घ्यायचं ठरवलं होतं. पण नाव नोंदवायच्या दिवशी बाईसाहेब झोपून राहिल्या. संख्याशास्त्राच्या जागा भरल्या आणि उरलेलं 'तत्त्वज्ञान व नीतिशास्त्र : प्राथमिक ओळख' तिच्या गळ्यात पडलं. त्यात तो तासही नेमका दुपारच्या जेवणानंतरचा, म्हणजे पुन्हा झोपेचाच.

वर्ग सगळ्यात वरच्या मजल्यावर होता. खिडक्या मोठ्या, पडद्यांचा पत्ता नाही. ऊन बाकांवरून सरकत सरकत फळ्यापर्यंत जाई आणि खडूची धूळ त्यात तरंगत राही. शिकवणाऱ्या बाई किरकोळ अंगाच्या, मऊ आवाजाच्या, आणि त्यांची प्रत्येक गोष्ट 'समजा'ने सुरू व्हायची. समजा, बुडत्या जहाजावरून सुटायला एकच नाव आहे. समजा, तुम्ही कुणाला दिसतच नाही. समजा, आपण सगळे आत्ता स्वप्नात आहोत. मुलांनी त्यांचं नाव समजाबाई ठेवलं ते काही उगाच नाही. नावेचा प्रश्न निघाला तेव्हा धाकटीने हात वर करून विचारलं, "पण बाई, दुसरी नाव भाड्याने का नाही घ्यायची?" सगळा वर्ग खो खो हसला. समजाबाई हसल्या नाहीत. "घे की," त्या म्हणाल्या, "आता सांग, तिच्यात आधी कुणाला बसवशील?" तास संपला, मुलं जिना उतरून गेली, तरी धाकटी आपली पाण्यातच.

पुढे तिला त्या तासाची चटक लागली. घरी येताना ती रस्ताभर समजा-समजा करत यायची. समजा, या दिव्याच्या खांबालाही मन आहे. समजा, समोरून येणाऱ्या माणसाला दिसणारा निळा रंग माझ्या निळ्यासारखा नाहीच. एकदा अशा तंद्रीत ती स्वतःचं घर सोडून तीन घरं पुढे गेली आणि परक्याच दारात चावी फिरवत बसली.

घरात तिघं. बाबा, ताई आणि ही. बाबा छापखान्यातून निवृत्त झालेले, यंत्रांच्या धडधडीने एक कान गेलेला, त्यामुळे आपलं तेवढं बोलून मोकळे होत. ताई दातांच्या कवळ्या बनवायच्या कारखान्यात कामाला होती. कवळी चाकावर धरून घासायची, चकचकीत करायची. आसपासची निम्मी म्हातारी माणसं आपल्या ताईचं हसू तोंडात घालून हिंडतात, असं धाकटी मैत्रिणींना सांगायची. आई गेली तेव्हा ताईने कॉलेज सोडलं, धाकटीच्या वेण्या घालायला घेतल्या आणि घर चालू ठेवलं. कुणी सांगितलं नाही, कुणी आभारही मानले नाहीत.

अर्थशास्त्रात एक मोठी सोय असते. एका गोष्टीचा विचार करताना बाकीचं सगळं जागच्या जागी आहे असं धरून चालायचं. त्याला म्हणतात 'इतर परिस्थिती कायम असता'. त्या घरातली इतर परिस्थिती म्हणजे ताई.

ताईच्या कारखान्यात साचे ओतणारे एक गृहस्थ होते. साधे, सावकाश बोलणारे, बोटांच्या पेरांत कायम पांढरं प्लास्टर. दूरच्या गावी नवीन कारखाना निघत होता, तिथे ते मुख्य म्हणून जाणार होते. जायच्या आधी एका रविवारी ते घरी आले, खुर्चीच्या अगदी कडेवर बसले आणि ताईने लग्न करून आपल्याबरोबर यावं असं त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं. ताईने मान वर केली, तेवढ्यात बाबा म्हणाले, "छे हो! ती कुठे जाणार? तिचा जीव इथेच रमतो." धाकटीनेही री ओढली, "आणि माझी परीक्षा आहे ना!" ताई उठून कप धुवायला आत गेली. साचेवाले म्हणाले, "मी शनिवारपर्यंत आहे," आणि निघून गेले.

त्याच आठवड्यात समजाबाईंनी काम दिलं : घरातला एखादा निर्णय घ्या आणि तो योग्य का, ते वर्गापुढे मांडा. धाकटीने नेमका हाच घेतला. अर्थशास्त्रातलं प्रकट पसंतीचं तत्त्व तिने फळ्यावर झोकात समजावलं. माणूस काय म्हणतो त्यावर जाऊ नका, तो काय निवडतो ते बघा. "माझ्या बहिणीने इतकी वर्षं रोज घर निवडलंय," ती म्हणाली. "परवा मागणी आली, बाबांनी 'नाही' म्हणून सांगितलं, तर ती त्यावर एक अक्षर बोलली नाही. म्हणजे तिला घरच हवंय. सिद्ध झालं." टाळ्या पडल्या.

समजाबाई खिडकीपाशी उभ्या होत्या. "मागणी कुणाला आली?"

"ताईला."

"उत्तर कुणी दिलं?"

"बाबांनी. म्हणजे, मीपण थोडं."

"मग पसंती प्रकट झाली ती बाबांची आणि तुझी," बाई शांतपणे म्हणाल्या. "बहिणीची कुठली?"

वर्ग हसला. धाकटीच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. ती जागेवर येऊन बसली आणि उरलेल्या तासात बाई कशाबद्दल समजा म्हणाल्या ते तिला ऐकूच आलं नाही.

ती नदीकडच्या लांबच्या रस्त्याने निघाली. पाणी संथ होतं, पुलाची सावली त्यावर आडवी पडलेली. समजा, ताई नाही. समजा, सकाळी जाग आली आणि स्वयंपाकघरात कसलाच आवाज नाही. बाबांच्या चांगल्या कानाकडून बोलायला कुणी नाही. परीक्षेच्या दिवशी 'पेन घेतलंस का' विचारायला कुणी नाही. तिला एक गोष्ट लख्ख दिसली : काहीही करायची गरज नव्हती. खोटं बोलायला नको, भांडायला नको, शनिवारपर्यंत मूग गिळून बसलं की ताई कायमची आपली. इतका सोपा अन्याय तिने कुठल्या पुस्तकात वाचला नव्हता. पुलावर ती बराच वेळ उभी राहिली, आणि हे सगळं स्वप्नच निघावं असं तिला मनापासून वाटलं.

मग ती कारखान्यात गेली. सुटायची वेळ झाली होती. फळ्यांवर कवळ्या ओळीने मांडलेल्या, प्रत्येकीला कुणाच्या तरी नावाची चिठ्ठी. ताई चाक पुसत होती. धाकटीला अवेळी आलेली बघून ती घाबरली. "काय झालं? बाबा बरे आहेत ना?"

"बरे आहेत. ताई, एक विचारू?"

"विचार की."

"तुला जायचंय का?"

"हो," ताई म्हणाली.

इतक्या झटकन म्हणाली की कुठे, कुणाबरोबर, हेही तिने विचारलं नाही. उत्तर किती दिवसांपासून ओठांवर येऊन थांबलं होतं कोण जाणे. धाकटीला ते 'नाही' असावं असं वाटत होतं. जीव तोडून वाटत होतं. तिचे डोळे भरून आले आणि कितीही आवरलं तरी गालांवरून ओघळलेच.

ताईचा चेहरा लगेच बदलला. हातातलं फडकं टाकून ती पुढे आली. "अगं वेडे, रडतेस काय? मी आपलं उगाच..."

धाकटीने तिच्या तोंडावर हात ठेवला.

"शब्द फिरवू नकोस," ती म्हणाली. "मी रडतेय म्हणून तर मुळीच नाही. मी काय, थोडे दिवस रडणारच."