पोरीचा एक भाग

लढाईच्या दिवसांत देवळाली प्रवरातला नबीलाल गणित घेऊन बी. ए. झाला, तेव्हा त्याची धाकटी बहीण खुर्शीद हिनं आळीभर गूळ वाटला होता. त्यानंतर तिनं नुसता त्याचा तोरा पाहिला. मास्तरकी म्हणजे त्याच्या मते मेंढरं वळणं. रेशनिंगचं हापिस म्हणजे मापाड्यांचा अड्डा. तलाठ्याच्या हाताखाली तर जायलाच नको. "तिथं माणसाचं तोंड बघून आकडे बदलतात," म्हणत तो पचकन थुंकायचा आणि बापाच्या भाकरीवर ताव मारायचा.

एका कामाला मात्र तो कधी नाही म्हणाला नाही. कुणी वारलं की शरियतीप्रमाणे जमिनीचे वाटे पाडायला लोक त्यालाच बोलवायचे. पाटीवर हिशेब मांडून तो ठणकावून सांगायचा, "पोराला दोन भाग, तर पोरीला एक. गणित कुणाची भीड धरत नाही."

मग बाप गेला. आई आधीच गेलेली, त्यामुळे वारस हे दोघंच. चाळिसावा उरकल्यावर खुर्शीद पाटी घेऊन भावासमोर बसली. नबीलालनं पाटी बाजूला सारली.

"आपल्या घरात कसला हिशेब, खुर्शीद? उसाचं रान माझ्याकडं राहू दे. तुला दर ईदला लुगडं देत जाईन."

खुर्शीदला रडू आलं नाही, किळस आली. पदर सावरून ती उठली आणि दारातून म्हणाली, "भाई, आता तलाठ्याकडं अर्ज कर. त्या नोकरीला तू लायक झालास."