मोटारीच्या खोलीवरची पांढरी माती

आमच्या यजमानांनी मोटार घेतली आणि तिच्यासाठी परसात पत्र्याची खोली बांधली. वैशाखात तिच्यात पाऊल ठेववेना, त्यात पेट्रोलचे डबे. म्हणून मी धाब्याच्या घरांवर माती घालणारा एक गडी बोलावला. त्याचे नाव मी विचारले नाही.

त्याने पत्र्यावर तुरकाठ्या पसरल्या, वर कडबा आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर घातला. मधूनमधून तो आत जाई आणि पत्र्याला खालून तळहात लावून बघे, आजाऱ्याचे कपाळ बघावे तसा. तिसऱ्या दिवशी खोली खरेच गार झाली.

"तुझ्या घरावर घातलीस का अशी?"

"गिरणीमागं भाड्याचा पत्रा हाय, बाई. मालक म्हणतो, मातीच्या वझ्यानं वासं मोडतील." मग खाली बघत म्हणाला, "बायकू तापानं पडलीय. दुपारची मोटार भाईर असती. तेवढा वेळ तिला हितं निजवू का?"

ताप कसला, कोणास ठाऊक. "विचारून सांगते," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तो उत्तरासाठी आला, तेव्हा मी यजमानांना विचारलेले नव्हते. तिसऱ्या दिवशी विचारले. यजमान लगेच हो म्हणाले. पण त्या दिवशी तो आलाच नाही.

पंधरवड्याने मातीच्या भेगा बुजवायला आला. डोक्यावरचे केस आणि मिशा काढलेल्या होत्या. यजमानांचा होकार मी त्याला सांगितला नाही.

काम संपवून त्याने आतून पत्र्याला तळहात लावला.

"गार हाय की," तो म्हणाला. "मोटारीला आता काय बी व्हत न्हाई, बाई."