नकाशावर आईचं बोट

हे लिहिताना माझा राग अजून उतरलेला नाही, तेव्हा भाषा कडक झाली तर सांभाळून घ्या. देवरशी, अंगात येणं, दृष्ट… यातलं काहीही मी कधी मानलं नाही. माझा विमान तिकिटांचा धंदा आहे. बोईसरला, सरावलीच्या रस्त्यावर गाळा. विमान एक तर तिथे जातं, नाही तर जात नाही. मधलं काही नसतं.

गाळ्याच्या भिंतीवर आपल्या राष्ट्रीय विमान कंपनीचा मोठा नकाशा होता. ती जिथे जिथे जाते तिथे ठिपका, ठिपक्यापर्यंत लाल रेघ. नावं सगळी इंग्रजीत.

गेल्या वर्षी माझा धाकटा भाऊ हरेश मालवाहू जहाजावर खलाशी म्हणून लागला. मस्कतचं तिकीट मीच काढलं. तिथे तो जहाजावर चढणार होता. पुढे जहाज कुठे जाणार, ते मी विचारलं नाही. आम्ही मुरब्याचे मच्छीमार. समुद्रावर निघालेल्याला ‘कुठे’ विचारायचं नाही, अशी आमच्या घरात रीत. दिवसभर गिऱ्हाइकांना ‘कुठे जायचंय?’ विचारणारा मी… भावाला विचारायला तोंड उघडलं, तर आईने डोळे वटारले.

पावसाळ्यानंतर हरेशचे फोन थांबले. त्याला कामाला लावणारा एजंट एकच सांगायचा, “जहाजावर रेंज नसते हो.”

एका दुपारी आई सुके बोंबील घेऊन गाळ्यात आली. टोपली खाली ठेवली, सरळ नकाशापाशी गेली आणि एका ठिपक्यावर बोट ठेवलं.

“हरेश इतं हाय. आजारी हाय. जा, घेवन ये.”

कोलंबो!

“आये, तो मस्कतला उतरला. ही श्रीलंका हाय, पार दुसरीकडं.”

“मला नावं नको सांगू. इतं हाय.”

आईला अक्षरओळख नाही. पण ती पुन्हा आली, पुन्हा तोच ठिपका. बाकावर बसलेला कारखान्यातला एक कामगार म्हणाला, “सेठ, अम्मा का टिकट काट ही दो!” सगळे हसले. माझं डोकं फिरलं. मी नकाशा उतरवला आणि उलटा टांगला. दक्षिण वर, उत्तर खाली. बघू आता, म्हटलं.

आई आली. जराही न अडखळता बोट कोलंबोवर.

मला भीती वाटायला हवी होती. आला तो राग. “नाटकं बंद कर! लोकांसमोर माजी लाज काढतेस?” मी ओरडलो आणि नकाशा ओढून फाडला.

“फाड,” आई म्हणाली. “तू कागद फाडलास म्हनून तो तितून उटून येनार हाय का?”

त्यानंतर ती गाळ्यात आली नाही. मग एक दिवस फोन आला, कोलंबोच्या एका रुग्णालयातून. दोरखंडात अडकून हरेशचा पाय चिरडला होता. त्याला तिथे उतरवून जहाज पुढे गेलं. मोबाइल समुद्रात पडलेला, नंबर कुणाचा पाठ नाही, वर ताप. ताप उतरल्यावर त्याने माझ्या गाळ्याचं नाव सांगितलं, त्यावरून त्यांनी नंबर शोधला. एजंटला सगळं ठाऊक होतं! मी त्याची कॉलर धरली, नाही नाही त्या शिव्या दिल्या… पण तो निदान खोटं बोलला होता. मला तर खरं सांगितलं गेलं होतं.

चेन्नईला विमान बदलून मी कोलंबोला पोचलो. हेच तिकीट मी लोकांना विकतो. पाय गुडघ्याखाली कापलेला होता. जखम चिघळण्याआधी कुणी मोठ्या रुग्णालयात हलवलं असतं तर पाय वाचला असता, असं डॉक्टर म्हणाले.

तुला कसं कळलं, म्हणून आईला खूपदा विचारलं. “म्हाईत नाय. बोट आपोआप जायचं,” एवढंच सांगते. योगायोग म्हणावा तर उलट्या नकाशाचं काय? वाचकांपैकी कुणाकडे उत्तर असेल तर जरूर कळवा.

परवा मुरब्याला घरी बसलो होतो. हरेशने विचारलं, “दादा, मी तितं पडलोय, हे तुमाला कुनालाच कललं नाय?”

आई शेजारी मांदेली साफ करत होती. तिचे हात थांबले.

“नाय रे,” मी म्हणालो.

आईने माझ्याकडे एकदा पाहिलं. मग हरेशला म्हणाली, “जेवन घे बाला, भात निवतोय.”